पावसाचा खंड आणि मजुराचा खाडा



आमचा पेशा संघटनेचा. बांधकामावरचे मजूर, बाजारातले हमाल, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या यांच्यात आमचे आयुष्य गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत रात्री दिवा लावून. अशा माणसाने पावसाच्या शास्त्राच्या इतिहासावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण ज्याचे पोट रोजावर आहे त्याच्याइतके आभाळाकडे कोणी बघत नाही. झड लागली की बांधकाम बंद, आणि उघाड लांबली की शेतातली खुरपणी बंद. दोन्ही वेळी खाडा पडतो तो मजुराचाच. तेव्हा हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्या दारात येऊन उभा राहिलेला आहे.

प्रश्न साधा आहे. मृगाला सुरुवात झाली आणि मान्सून आला, म्हणजे चार महिने पाऊस एकसारखा का पडत नाही? आठ-दहा दिवस तो धो धो कोसळतो, मग पंधरा-वीस दिवस दडी मारतो, आणि पुन्हा येतो. हे असे का होते, ते माणसाला कसकसे कळत गेले, आणि कळल्यावर त्याने त्या ज्ञानाचे काय केले, या तीन गोष्टी आज आपण पाहू.

प्रथम एका हिशेबाकडे लक्ष वेधतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या देशावर सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. या आकड्याचा वर्षावर्षाचा चढउतार साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे बेरीज पाहिली तर पाऊस हा मोठा इमानी नोकर वाटतो. आता २०२३ सालची वाटणी पाहा. जूनमध्ये पाऊस सरासरीपेक्षा ९ टक्के कमी झाला, जुलैत १३ टक्के अधिक, ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी, आणि सप्टेंबरात पुन्हा १३ टक्के अधिक. वर्षअखेरची बेरीज निघाली अवघी ६ टक्के कमी. पण १९०१ पासूनच्या नोंदींत त्या ऑगस्टइतका कोरडा ऑगस्ट दुसरा नव्हता. सप्टेंबरात आलेल्या पावसाने बेरीज सावरली. ऑगस्टमध्ये माना टाकलेले सोयाबीन त्याने उभे केले नाही, आणि ऑगस्टमध्ये बुडालेला रोजही परत दिला नाही. कारखान्यातला मजूर आम्हांला सांगतो की वर्षाचे सरासरी उत्पन्न दाखवून सावकार समजूत पटवतो, पण चूल सरासरीवर पेटत नाही. पावसाचेही तसेच आहे.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना माहीत नव्हती असे समजू नये. कौटिल्याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्थशास्त्रात कोठारात पाऊस मोजण्याचे भांडे ठेवण्यास सांगितले आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांत द्रोण या मापाने किती पाऊस पडावा याचे आकडे दिले आहेत. गोदावरीकाठच्या अश्मक देशासाठी साडेतेरा द्रोण, अवंतीसाठी तेवीस. पण ग्रंथकर्ता एवढ्यावर थांबत नाही. एकूण पावसाचा तिसरा हिस्सा पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून पडावा आणि उरलेले दोन हिस्से मधल्या दोन महिन्यांत, म्हणजे ते वर्ष उत्तम, असा त्याचा निवाडा आहे. शिवाय पावसाने वाऱ्याला आणि उन्हालाही त्यांचा वाटा दिला पाहिजे, असे तो सांगतो. शेतकऱ्याला हे फोड करून सांगावे लागत नाही. पावसानंतर चार दिवस उघाड मिळाली की जमिनीला वापसा येतो. वापसा आल्याशिवाय तिफण चालत नाही, कोळपे चालत नाही. खंड हा मुळात शत्रू नव्हे. चार-पाच दिवसांचा खंड म्हणजे विसावा, आणि वीस दिवसांचा म्हणजे घात.

आपल्या शेतकऱ्याचे पंचांगही याच अंगाने चालते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी एकेक नक्षत्रे तो मोजतो, आणि एकेक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस ठरतो असे आम्ही म्हणत नाही; ते शास्त्र नव्हे. पण पावसाळ्याकडे पंधरवड्या-पंधरवड्याने पाहण्याची ती सवय शहाणपणाची होती. सरकारी दप्तरात मात्र पुढे बराच काळ वर्षाच्या बेरजेलाच महत्त्व आले.

ते कसे आले हे पाहण्यासाठी इतिहासात शिरले पाहिजे. १६८६ साली एडमंड हॅले याने, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्याच हॅलेने, व्यापारी वारे आणि मान्सून यांवर निबंध लिहून वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला धावते, असा त्याचा विचार होता. १७३५ साली जॉर्ज हॅडली याने त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब घातला. मान्सून येतो का, याचे पहिले उत्तर असे मिळाले. तो आल्यावर मध्येच थांबतो का, हा प्रश्न या उत्तरात नव्हता; शिडाच्या जहाजांना वाऱ्याची दिशा हवी होती, वापशाशी त्यांना कर्तव्य नव्हते.

आपल्याकडे भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. खाते वर्षाचे होते न होते तोच १८७६ चा पावसाळा आला. दख्खनमध्ये त्या वर्षी पाऊस कमी तर पडलाच, पण अवेळी पडला. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे रब्बीच्या तोंडावर, तुरळक सरींखेरीज काही आले नाही. पुणे, सोलापूर, विजापूर या बाजूंनी हाहाकार झाला. पुढच्या वर्षी देशाच्या मोठ्या भागात पाऊस फसला. त्या दोन-तीन वर्षांच्या दुष्काळात मेलेल्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली.

या दुष्काळाचा एक अध्याय पावसाच्या शास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, म्हणून तो येथे सांगतो. सरकारने दुष्काळी कामे काढली. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने त्या कामांवरची मजुरी कापण्यात आली. धडधाकट पुरुषाला दिवसभराच्या खडी-मातीच्या कामाबद्दल एक रत्तल, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी मजुरांनी हे दर नाकारले आणि हजारोंच्या संख्येने कामे सोडली. ना कोणी पुढारी, ना सभासदाची पावती, ना शिल्लक निधी. पोटात अन्न नसलेल्या माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने सभेने सरकारदरबारी त्यांचे गाऱ्हाणे मांडले. आमच्या चळवळीच्या इतिहासात गिरण्यांपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. आमच्या मते या दुष्काळी कामांनाही त्या इतिहासात पान मिळाले पाहिजे.

दुष्काळ सरल्यावर सरकारने ब्लॅनफर्ड यांना विचारले की पाऊस फसणार हे आधी सांगता येईल काय? पाऊस फसला की महसूल फसतो, आणि महसुलाचे अंदाजपत्रक वर्षाचे असते. तेव्हा सरकारला उत्तरही वर्षाचेच हवे होते. १८८४ साली ब्लॅनफर्ड यांनी दाखवले की हिमालयावर बर्फ अधिक पडले तर पुढचा पावसाळा वायव्य हिंदुस्थानात कोरडा जाण्याकडे कल असतो. १८८६ पासून पावसाळ्याचा अंदाज रीतसर प्रसिद्ध होऊ लागला. जगात असे काम प्रथम येथे झाले याचा आपण अभिमान बाळगावा. परंतु १८९९ साली, ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांच्या काळात, अंदाज साफ फसला. चांगल्या पावसाची आशा दाखवली गेली आणि आला तो संवत् १९५६ चा, छप्पन्न्या म्हणून लोकांच्या तोंडी राहिलेला दुष्काळ.

इलियट यांच्या जागी १९०४ साली केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर आले. हवामानशास्त्राचे त्यांना शिक्षण नव्हते, पण आकड्यांचे होते. जगभरच्या ठाण्यांचे हवेचे दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे त्यांनी गोळा केले आणि हिंदी कारकुनांच्या हातून त्यांची परस्परांशी ताडणी करून घेतली. त्या काळी यंत्रे नव्हती. महिनोन्‌महिने बेरजा-गुणाकार करणारी ही माणसे होती. त्यांची नावे कोणत्याही सिद्धांताला मिळाली नाहीत. त्या आकडेमोडीतून प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरील हवेच्या दाबाचा झोका सापडला. एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, आणि आपल्या पावसाचा त्याच्याशी संबंध आहे. आज ज्याला एल निनो म्हणतात त्या घटनेचे दुसरे अंग ते हेच. वॉकर १९२४ साली परतले. खात्याचे मुख्य ठाणे शिमल्याहून १९२८ साली पुण्यास आले, आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात.

एवढा प्रवास झाला तरी विचारलेला प्रश्न एकच राहिला होता. या वर्षी बेरीज किती? खंडाची जाणीव नव्हती असे नाही. ब्लॅनफर्ड यांनीच १८८६ च्या आपल्या ग्रंथात नोंदले आहे की गंगेच्या खोऱ्यावर पसरलेला कमी दाबाचा पट्टा मध्येच उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, आणि मग दख्खन व मध्य हिंदुस्थान कोरडे पडतात. तिकडे तराईत व बिहारात पूर, आणि इकडे सोलापुरात धूळ. परंतु या खंडांची संगतवार मोजदाद व्हायला बरीच वर्षे जावी लागली. के. रामामूर्ती यांनी १८८८ ते १९६७ अशा ऐंशी वर्षांतले जुलै-ऑगस्टचे खंड मोजून १९६९ साली त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. ऐंशी वर्षांची कोरडी पाने कोणी तरी उलटून पाहिली, एवढ्यासाठी सुद्धा आम्ही त्या माणसाला मान देतो.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने काम सुरू झाले. पाऊस म्हणजे हवेतले बाष्प. मग ते बाष्प येते कोठून आणि कोणत्या वाटेने? १९६० नंतरच्या काही वर्षांत अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली. जहाजे आणि विमाने समुद्रावर फिरली. पुण्यात १९६२ साली उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था निघाली. तिचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी बाष्पाचा जमाखर्च मांडला. विषुववृत्त ओलांडून किती बाष्प येते आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत किती जाते, हे ताडून त्यांनी १९६५ साली असे म्हटले की यातला मोठा भाग अरबी समुद्रावरच वाऱ्यात भरला जातो. के. आर. साहा आणि एस. एन. बावडेकर यांनी १९७३ साली हाच हिशेब पुन्हा केला आणि विषुववृत्तापलीकडून येणारा वाटा मोठा आहे असे दाखवले. दोन्ही मिळकती खऱ्या आहेत. कोणती मोठी यावर वाद झाला, आणि असल्या वादांनीच शास्त्र पुढे जाते.

वाटेचा शोध लावला तो पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जॉन फिंडलेटर यांनी. दक्षिण हिंदी महासागरातला वारा केनियाच्या बाजूने विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळतो आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे झेपावतो. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर त्याचा एक अरुंद वेगवान पट्टा असतो आणि त्याचा वेग कधी ताशी शंभर किलोमीटरच्याही वर जातो. १९६९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. कोकणात जो पाऊस पडतो त्याच्या रेल्वेचा रूळ म्हणजे हा पट्टा, असे समजावे.

आता यंत्रणा कशी चालते ते आपल्या भाषेत सांगतो. समजा, ऐन पावसाळ्यात आपल्या डोक्यावर जेवढे बाष्प आहे ते सगळे एका दमात पाणी होऊन खाली आले. तर किती पाऊस पडेल? फार तर सहा-साडेसहा सेंटिमीटर. एवढाच साठा. मग २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे ९४ सेंटिमीटर पाऊस पडला, तो कोठून आला? तो साठ्यातला नव्हता; ओघातला होता. वाऱ्याच्या पट्ट्याने दमट हवा आणून ओतावी, तिथले वर चढणे थांबू नये, आणि पडलेल्या पाण्याची जागा पुढच्या बाष्पाने भरून काढावी, असे तासन्‌तास चालले तेव्हा तो आकडा झाला. त्याच दिवशी त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला. ओघ कोठे वळतो आणि कोठे वर चढतो, यावर सारे आहे.

वर चढणे हा दुसरा भाग. नुसते बाष्प असून भागत नाही. दमट हवा वर चढली, गार झाली, की बाष्पाचे पाणी होते. सह्याद्री तिला उचलतो, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला फलटण-दहिवडीकडे ५० सेंटिमीटरांच्या आसपास. घाटापलीकडे हवा उचलण्याचे काम बंगालच्या उपसागरातून सरकत येणारी कमी दाबाची क्षेत्रे करतात. आणि येथे एक गंमत आहे. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. समुद्राने ते पाणी उडवताना जी उष्णता खर्च केली होती, तीच ही परत मिळते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, तिच्या जागी आणखी दमट हवा ओढली जाते, आणखी पाऊस पडतो. भिजलेली जमीन आणि झाडेही आपल्या परीने बाष्प परत देतात. म्हणून पाऊस पडू लागला की काही दिवस पडत राहतो. झड लागते ती अशी.

मग ती सुटते का? एक तर वाऱ्याचा तो पट्टा जागा बदलतो. जोराच्या पावसात तो द्वीपकल्पावरून, साधारण गोवा-कर्नाटकाच्या बाजूने, आत शिरतो. खंडाच्या काळात तो दक्षिणेला घसरून भारताला बगल देत श्रीलंकेकडे निघून जातो. गाडी चालू असते, पण आपल्या स्टेशनावर थांबत नाही. दुसरे, अरबस्तान आणि वायव्येकडील वाळवंटी मुलखातून कोरडी हवा आपल्याकडे शिरते. ती जमिनीलगत नसते. काही किलोमीटर उंचीवर पसरते. खाली हवा चिकट आणि दमट, अंगाला घाम सुटतो, म्हातारी माणसे म्हणतात आज येणार. ढग उठतातही, पण वर गेले की कोरडी हवा त्यांना शोषून घेते आणि संध्याकाळी आभाळ मोकळे. तिसरे, वर सांगितलेला कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जातो. आणि जमीन एकदा सुकली की तिच्याकडून मिळणारे बाष्पही आटते. पाऊस जसा पावसाला ओढतो, तशी उघाड उघाडीला लांबवते.

पण खंडालाही शेवट असतो, आणि त्याचा पत्ता उपग्रहांनी दिला. १९७३ ते १९७७ या वर्षांतली रोजची उपग्रहचित्रे तपासून डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी १९८० साली दाखवले की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा एक पट्टा पुन्हा पुन्हा जन्मतो आणि काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो. आपल्याकडे खंड असतो तेव्हा पुष्कळदा तो पट्टा दक्षिणेत समुद्रावर असतो. तो निघाला की आपली उघाड संपत येते. सुलोचनाबाई मूळच्या पुण्याच्या. कोरडवाहू भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून, कोणत्या आठवड्यात पेरावे म्हणजे खंडाचा घाव कमी बसेल, याचाही त्यांनी अभ्यास केला. विद्वत्तेचा असा उपयोग आम्हांला मनापासून आवडतो.

ज्ञान एवढे वाढल्यावर धक्के बसायचे थांबले काय? २००२ साली पावसाळा सामान्य राहील असा अंदाज होता. जुलैत देशावर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस पडला आणि वर्ष १९ टक्के तुटीत गेले. योगायोगाने त्याच पावसाळ्यात अरबी समुद्रावर शास्त्रज्ञांची मोहीम चालू होती. समुद्रालगतच्या दमट थरावर कोरडी हवा पसरलेली त्यांच्या नोंदींत सापडली. एका महिन्याच्या खंडाने वर्षाचा निकाल लावला होता. तेव्हापासून खंडांचा अंदाज हा स्वतंत्र विषय झाला, आणि आज हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज प्रसिद्ध करते.

याची गरज दिवसेंदिवस वाढत आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे पडला तर अधिक जोराने पडावा, आणि पडण्याअगोदर अधिक काळ शोषत राहावे, अशी तिची वृत्ती होते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या त्याच संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले. पश्चिमेकडून येणाऱ्या दमट वाऱ्यांतले वाढलेले चढउतार हे कारण त्यांनी दिले. त्याआधी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ओल्या पाळ्यांचा जोर आणि कोरड्या पाळ्यांची संख्या, दोन्ही वाढल्याचे आढळले होते. बेरीज फारशी न बदलता वाटणी बिघडत चालली आहे, असा याचा सरळ अर्थ.

श्रोतेहो, येथे आम्ही आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. वारा कोठून वाहावा हे आपल्या हाती नाही. पण खंडाचा भार कोणी सोसावा, हे पूर्णपणे माणसांच्या हाती आहे, आणि इतिहासात ते वेळोवेळी माणसांनीच ठरवले आहे. १८७७ साली ते टेंपलसाहेबांच्या एका रत्तलाने ठरले. १९७२ साली महाराष्ट्रात पुन्हा भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी सरकारने कामे काढली, लोकांनी मोर्चे काढून ती काढायला लावली, आणि १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे त्या कामांवर होती. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला, १९७९ पासून तो अंमलात आला, आणि पुढे २००५ साली संसदेने देशासाठी कायदा केला त्यामागे महाराष्ट्राचा हा पायंडा होता. पाऊस १८७६ मध्येही फसला आणि १९७२ मध्येही. फरक आभाळात पडला नव्हता. जमिनीवर पडला होता.

परंतु हे सारे दुष्काळ पडल्यानंतरचे. वर्षाची बेरीज तुटीत गेली, पैसेवारी निघाली, म्हणजे मग दुष्काळ जाहीर होत असे. खंडाची दाद घेण्याची सुरुवात अलीकडची. २०२३ च्या ऑगस्टात राज्यात जेथे २१ दिवसांहून अधिक खंड पडला, तेथे विमा उतरवलेल्या शेतकऱ्याला भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ द्यावी, हा नियम लावण्यात आला. पैसे किती लवकर आणि किती जणांच्या हाती पडले यावर पुष्कळ बोलता येईल. पण तत्त्व मोलाचे होते. बेरजेची वाट न पाहता खंडाचे दिवस मोजले गेले.

आता एक प्रश्न विचारतो. त्या २१ दिवसांत ज्या बाईची खुरपणी बंद पडली, तिचे दिवस कोणी मोजले? तिच्या नावावर जमीन नाही, म्हणून पीक नाही, म्हणून विमा नाही. खंड पडला की शेतकरी पहिली काटकसर करतो ती मजुरीत. त्याचा इलाज नसतो. पिकाचे नुकसान दिसायला तीन आठवडे लागतात, मजुराचे नुकसान पहिल्या दिवशी होते. मग घरातला पुरुष शहरातल्या मजूर अड्ड्यावर येऊन उभा राहतो. अड्ड्यावर माणसे वाढली की ठेकेदार रोज पाडतो. सोमालियाच्या किनाऱ्यावरून निघालेला वारा श्रीलंकेकडे वळला, त्याचा परिणाम आपल्या गावच्या चौकात सकाळी आठ वाजता असा दिसतो. आणि उलट, झड लागली की बांधकाम बंद. तोच माणूस पत्र्याखाली बसून दिवस काढतो. दोन्ही पाळ्यांत खाडा त्याचाच.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. चार आठवड्यांचा अंदाज येतो, तर तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि मजूर अड्ड्यावरही लागला पाहिजे. तो केवळ बियाणे आणि खत विकणाऱ्यांच्या उपयोगाचा राहू नये. खंड दहा-बारा दिवसांवर गेला की गावात काम निघाले पाहिजे. त्यासाठी पैसेवारीची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण खंड येतो आहे हे आता आधी कळू शकते. बांधबंदिस्ती, नालेसफाई, विहिरीतला गाळ काढणे ही कामे उघाडीतच करायची असतात, आणि पुढची झड आली की त्यांचाच उपयोग होतो. अतिवृष्टीच्या इशाऱ्यावरून काम बंद ठेवले, तर त्या दिवसाच्या रोजाचा काही हिस्सा मजुराला मिळाला पाहिजे; जीव वाचवण्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या ताटातून निघू नये. यांत अशक्य असे काही नाही. एके काळी दुष्काळात सरकारने काम द्यावे, ही मागणीही अशक्यच वाटत होती.

हॅलेपासून गाडगीळांपर्यंत तीनशे वर्षांत माणसाने पावसाची बेरीज मांडली, मग तिची वाटणी समजून घेतली. बाष्प कोठे उठते, कोणत्या वाटेने येते आणि कोठे आटते, हे आज आपल्याला पुष्कळसे ठाऊक आहे. ते ज्ञान ज्यांच्या पैशावर आणि ज्यांच्या बेरजा-गुणाकारांवर उभे राहिले त्यांत आपल्या गावच्या मजुराचाही वाटा आहे. त्या ज्ञानाची वाटणी करणे हे काम हवामान खात्याचे एकट्याचे नाही. ते तुमचे-आमचे आहे. मृग फार लांब नाही. या पावसाळ्यात उघाड लांबली, तर आभाळाकडे जरूर पाहा. पण आपल्या चौकात सकाळी किती माणसे उभी आहेत, तेही एकदा मोजा.